छोटी वाइड प्राइम लेन्स कशी पारखावी: नवख्यांसाठी मार्गदर्शन

कॅननची आरएफ १६ मिमी एफ/२.८ एसटीएम ही वाइड प्राइम लेन्स, म्हणजे रुंद दृश्य घेणारी पण झूम नसलेली लेन्स, २०२१ मध्ये आली. वजन १६५ ग्रॅम, लांबी साधारण ४० मिमी, पुढचा फिल्टर ४३ मिमीचा. डीएसएलआरच्या काळात कॅननचीच ईएफ १४ मिमी एफ/२.८ एल, दुसरी आवृत्ती, ६४५ ग्रॅमची होती. ती थोडी जास्त वाइड होती आणि वेगळ्या दर्जाची होती हे मान्य. तरी ज्याला दिवसभर खांद्यावर बॅग घेऊन चालायचं असतं, त्याला या दोन आकड्यांमधला फरक लगेच कळतो.

हा फरक पडला कशामुळे, हे समजून घेतलं तर लेन्स पारखताना नेमकं कुठे बघायचं तेही कळतं. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा असायचा. माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसते ती जागा; कॅननचा ईएफ माउंट डीएसएलआरचा, आरएफ मिररलेसचा. ईएफ माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४४ मिमी होतं. १६ मिमीची लेन्स सेन्सरपासून इतकी लांब बसवून तिथून चित्र पाडायचं म्हणजे पुढे मोठ्या फुगीर काचा लावाव्या लागत. मिररलेसमध्ये आरसाच नाही. आरएफमध्ये हे अंतर २० मिमी, सोनी ई मध्ये १८, निकॉन झेड मध्ये १६. मागची काच सेन्सरच्या जवळ नेता येते आणि लेन्स लहान होते.

लहान लेन्स फुकट मिळत नाही, कुठेतरी काहीतरी सोडलेलं असतं. कोपऱ्यांतला उजेड, सरळ रेषा, ओल रोखणारं सील, ॲपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) लहान-मोठं करणारी रिंग किंवा शांत फोकस मोटर, यांतलं काही ना काही कंपनीने कमी केलेलं असतं. पारखणाऱ्याने दोन गोष्टी शोधायच्या: या लेन्समध्ये काय सोडलं आहे, आणि आपल्या फोटोंना ते लागतं का. उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी मी आरएफ १६ मिमीच धरते, कारण तिच्यातल्या तडजोडी अगदी उघड दिसतात. पद्धत मात्र कुठल्याही कंपनीच्या लेन्सला लागू आहे.

पहिली पायरी: एवढी वाइड हवी आहे का?

वाइड म्हणजे किती, हे सेन्सरवर ठरतं. पूर्ण फ्रेमचा सेन्सर मोठा, एपीएस-सी त्याहून लहान, मायक्रो फोर थर्ड्स आणखी लहान. पूर्ण फ्रेमवर १६ मिमी लेन्स कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुमारे १०८ अंश बघते, २४ मिमी ८४ अंश आणि २८ मिमी ७५ अंश. एपीएस-सी कॅमेऱ्यावर फोकल लेंथला (लेन्सच्या नावातल्या मिमीला) निकॉन, सोनी, फुजीसाठी दीडने आणि कॅननसाठी १.६ ने गुणा. मायक्रो फोर थर्ड्सवर दोनने. म्हणजे हीच आरएफ १६ मिमी आर५० सारख्या कॅननच्या एपीएस-सी बॉडीवर साधारण २६ मिमीसारखी दिसते. तिथे ती रोजच्या वापराची साधी वाइड होते. पूर्ण फ्रेमवर तिला सांभाळणं शिकावं लागतं.

तुमच्याकडे कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ सारखी किट लेन्स असेलच. तिला १८ वर ठेवा, झूम रिंगवर चिकटपट्टी लावा आणि काही दिवस तेवढ्यावरच काढा. एपीएस-सीवर हे २७-२९ मिमीच्या जवळपास येतं. रोज मागे भिंत लागत असेल आणि तरी वाडा फ्रेममध्ये मावत नसेल, तर याहून वाइड लेन्सची गरज खरी आहे. उलट फोटोभर रिकामं आकाश आणि रस्ता येत असेल, विषय मधोमध लहानसा उरत असेल, तर तुम्हाला २४ किंवा २८ सुद्धा पुरेल. त्या फोकल लेंथमध्ये छोट्या लेन्स भरपूर आहेत आणि त्यांच्यातल्या तडजोडीही सौम्य आहेत. कॅनन आरएफ २८ मिमी एफ/२.८ ही १२० ग्रॅमची, निकॉन झेड २६ मिमी एफ/२.८ ही १२५ ग्रॅमची, सोनी एफई २४ मिमी एफ/२.८ जी १६२ ग्रॅमची. फुजीवाल्यांसाठी एक्सएफ १६ मिमी एफ/२.८ ही १५५ ग्रॅमची आहे, एपीएस-सीवर २४ मिमीइतकीच वाइड, आणि तिला ॲपर्चर रिंगही आहे, ओलीपासून संरक्षणही. नवख्यांनी पूर्ण फ्रेमच्या १६ मिमीवर थेट उडी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. खोली मोठी दिसते, पण माणसं ताणली जातात आणि फोटोतली प्रत्येक अनावश्यक वस्तू आत येते.

माणसं ताणली जातात हा लेन्सचा दोष नव्हे. सरळ रेषा सरळ ठेवणारी कुठलीही वाइड लेन्स कडेच्या वस्तू बाहेरच्या दिशेने ओढतेच. कडेला उभ्या असलेल्या आत्याचं डोकं लंबगोल येणार, मग लेन्स लाखाची असो की दहा हजारांची. ग्रुप फोटो हा तुमचा मुख्य विषय असेल तर इथेच विचार बदला.

दुसरी पायरी: माहितीपत्रक नीट वाचणं

नवखे आधी एफ/२.८ की एफ/१.८ ते बघतात, म्हणजे ॲपर्चर किती उघडतं ते; आकडा लहान तितका उजेड जास्त. ते बघाच, पण त्याखालच्या बारीक ओळी जास्त उपयोगी असतात.

किमान फोकस अंतर पाहा. आरएफ १६ मिमीचं ०.१३ मीटर आहे. हे अंतर सेन्सरपासून मोजतात, लेन्सच्या टोकापासून नाही. माउंटचे २० आणि लेन्सचे ४० मिमी वजा करा, म्हणजे काचेसमोर जेमतेम ७ सेंटिमीटर उरतात. कासच्या पठारावर फूल मोठं आणि मागे पूर्ण पठार अशा फोटोला हेच अंतर कामाला येतं. इतक्या जवळ गेल्यावर लेन्सची सावली फुलावर पडते, म्हणून सूर्य बाजूला ठेवावा लागतो. वाटेवरूनच हात लांब करून फोटो घ्यायचा, फुलांत पाय घालायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

स्थिरीकरण, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय, लेन्समध्ये आहे का, तेही पाहा. आरएफ १६ मध्ये नाही. बॉडीत असेल तर फोटोंसाठी उत्तम. पण इतक्या वाइड लेन्सवर चालत व्हिडिओ काढला तर बॉडीच्या स्थिरीकरणाने मधला भाग शांत राहतो आणि कोपरे डुगडुगतात. व्हिडिओ हा तुमचा मुख्य उद्योग असेल तर विकत घेण्याआधी तुमच्याच बॉडीवर चालून पाहा.

ओलीपासून संरक्षण आहे का? आरएफ १६ मध्ये नाही. मुंबईत, कोकणात किंवा सह्याद्रीत जून ते सप्टेंबर फिरणाऱ्याला ही गोष्ट शार्पनेसपेक्षा महत्त्वाची ठरू शकते. हूड (बाजूचा उजेड अडवणारं लेन्सपुढचं कडं) सोबत येतो की वेगळा घ्यावा लागतो तेही विचारा. कॅनन या वर्गातल्या लेन्ससोबत हूड देत नाही, निकॉन झेड २६ सोबत देते.

फिल्टरचा व्यास साधी बाब आहे, पण खर्च वाढवते. ४३ मिमीचे पोलरायझर (चकाकी कमी करणारे) आणि एनडी (उजेड कमी करणारे) फिल्टर कमी दुकानांत मिळतात. मोठा फिल्टर स्टेप-अप रिंगने लावला तर कोपऱ्यात काळी कड येते का, हे बघून घ्या.

कंपनीने दिलेले एमटीएफ आलेख (लेन्स मध्यापासून कडेपर्यंत किती शार्प ते दाखवणारे) नवख्याने फार मनावर घेऊ नयेत. अनेक कंपन्यांचे आलेख संगणकावर काढलेले असतात, प्रत्यक्ष लेन्स मोजून नव्हे, आणि प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. एकाच कंपनीच्या दोन लेन्सची तुलना करायला ते चालतात.

तिसरी पायरी: दुरुस्तीआधीचं चित्र पाहणं

छोट्या वाइड लेन्सचं खरं रूप इथे उघडं पडतं. आरएफ १६ मिमी कॅननच्या बॉडीवर लावली की जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या फोटोत, विकृतीची (वाकलेल्या रेषांची) दुरुस्ती कायम चालू असते, बंद करता येत नाही. भिंत सरळ दिसते, कोपरे ठीक दिसतात. त्याच फोटोची रॉ फाइल (सेन्सरवरची कच्ची माहिती) दुरुस्ती न लावता उघडली तर चित्र पिंपासारखं बाहेर फुगलेलं असतं आणि अगदी टोकाचे कोपरे काळे.

बरीच सॉफ्टवेअर ही दुरुस्ती न विचारता लावतात. डार्कटेबल किंवा रॉथेरपी ही मोफत सॉफ्टवेअर वापरा, तिथे ती बंद करता येते. दारं-खिडक्यांची भिंत किंवा कपाटाची रांग समोरून काढा आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवा.

दुरुस्ती लावलेलं चित्र वाईट असतं असं मुळीच नाही. मी स्वतः दुरुस्ती लावूनच वापरते, आणि लहान लेन्स करण्याचा हा प्रामाणिक मार्ग आहे असं मानते. फक्त त्याची किंमत कळायला हवी. फुगलेलं चित्र सरळ करताना कोपऱ्यातले पिक्सेल ताणले जातात, म्हणून तिथला तपशील पातळ होतो. काळे कोपरे उजळताना तिथला नॉइज (दाणेदारपणा) वाढतो. आयएसओ (सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा) १०० वर दुपारच्या फोटोत हे जाणवणार नाही. आयएसओ ६४०० वर रात्रीच्या आकाशात जाणवेल.

कोपरे काळवंडण्यात भूमितीचाही वाटा आहे. तिरक्या येणाऱ्या प्रकाशाची तीव्रता कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटते. १६ मिमीवर कोपरा मध्यापासून ५४ अंशांवर असतो. हिशेब केला तर तिथे मध्याच्या साधारण एक अष्टमांश उजेड उरतो, म्हणजे तीन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). २८ मिमीवर हीच घट दीड स्टॉपच्या आत राहते. चांगली रचना यातलं बरंच भरून काढते, पण त्यासाठी मोठ्या काचा लागतात, आणि मोठ्या काचा टाळायच्या म्हणून तर छोटी लेन्स केली.

चौथी पायरी: हातात आलेली कॉपी तपासणं

या लेखातला हा भाग टाळू नका. परीक्षणं वाचून लेन्सची रचना कशी आहे ते कळतं. तुमच्या डब्यात आलेली कॉपी कशी आहे ते कोणीच सांगू शकत नाही. काच किंचित तिरकी बसली असेल तर एक बाजू किंवा एक कोपरा कायम मऊ राहतो. याला डीसेंटरिंग म्हणतात. वाइड लेन्समध्ये ते जास्त त्रास देतं आणि ॲपर्चर लहान केल्यावर पुष्कळदा अर्धवट लपतं, म्हणून कित्येकांना वर्षभर पत्ता लागत नाही.

विटांच्या भिंतीचा फोटो काढून तपासायचा सल्ला सगळे देतात. मला तो पटत नाही. कॅमेरा भिंतीला अगदी समांतर ठेवणं घरी जवळपास अशक्य असतं, आणि तो जरा तिरका राहिला की दोष लेन्सच्या माथी जातो. त्याऐवजी दूरचं दृश्य घ्या. १६ मिमी, एफ/२.८ ला हायपरफोकल अंतर (जिथे फोकस केला की त्याच्या निम्म्यापासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं शार्प येतं) जेमतेम ३ मीटर आहे, त्यामुळे शंभर-दोनशे मीटरपलीकडचं सगळं फोकसच्या दृष्टीने एकाच अंतरावर येतं. समांतर ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही.

टेकडीवरून किंवा उंच गच्चीवरून दिसणारी इमारतींची लांब रांग निवडा. पुण्यात पर्वतीवरून असं दृश्य मिळतं, मुंबईत मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून पाण्यापलीकडची रांग दिसते. वेळ सकाळची ठेवा. दुपारी तापलेली हवा थरथरते आणि चांगली लेन्सही मऊ भासते.

कॅमेरा ट्रायपॉडवर, ॲपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. मधल्या इमारतीवर फोकस करा आणि मग मॅन्युअल फोकसवर जा म्हणजे तो हलणार नाही. कॅमेरा मध्येच बंद करू नका, कारण अशा लेन्समध्ये फोकस मोटरनेच चालतो आणि बंद-चालू केल्यावर जागा बदलू शकते.

आता कॅमेरा खाली झुकवा, म्हणजे इमारतींची रांग फ्रेमच्या अगदी वरच्या कडेला येईल. एक फोटो. मग वर करा, रांग खालच्या कडेला येईल. दुसरा फोटो. दोन फोटोंत चारही कोपरे मिळाले. एक मधोमध रांग ठेवून काढा. हेच पुन्हा एकदा, पहिल्यापासून फोकस करून.

संगणकावर शंभर टक्के मोठं करून डावा कोपरा उजव्याशी आणि वरचा खालच्याशी ताडून पाहा. चारही सारखेच मऊ असतील तर ती रचनेची मर्यादा आहे, कॉपी ठीक आहे. तीन बरे आणि एक धुरकट, किंवा पूर्ण डावी बाजू उजवीपेक्षा स्पष्टपणे खराब, आणि दोन्ही वेळेस तसंच, तर कॉपी बदलून घ्या. अगदी थोडा फरक जवळपास प्रत्येक लेन्समध्ये असतो, त्यासाठी झोप घालवू नका. छापील फोटोत किंवा पडदाभर चित्रात दिसतो का, ही कसोटी ठेवा.

चारही कोपरे मऊ असतील तर आणखी एक चाचणी करा. फोकस पॉइंट कोपऱ्यात नेऊन तिथेच फोकस करा. कोपरा शार्प झाला आणि मध्य मऊ पडला, तर लेन्सचं फोकसचं प्रतल वाकलेलं आहे. अशा लेन्सवर दूरच्या दृश्यासाठी मध्य आणि कड यांच्या मधल्या जागी फोकस करून एफ/८ ठेवलं की काम भागतं. तिथे फोकस करूनही कोपरा मऊच राहिला, तर त्या ॲपर्चरला तो तेवढाच देणार.

मग त्याच दृश्याचे एफ/२.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे फोटो काढा. कोपरे कुठे सुधारायचे थांबतात ते तुमच्या कॉपीसाठी लिहून ठेवा. एफ/११ नंतर डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) पूर्ण चित्रच हळूहळू मऊ पडू लागतं, आणि १६ मिमीवर एवढं ॲपर्चर मिटायची गरजही क्वचित पडते. एफ/८ ला एक मीटरच्या थोडं पुढे फोकस केलं तर साधारण अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं शार्प येतं.

पाचवी पायरी: उजेडाशी झुंजवणं

वाइड फ्रेममध्ये सूर्य किंवा दिवा कुठूनतरी शिरतोच. म्हणून फ्लेअर (थेट उजेडाने येणारा धुरकटपणा आणि ठिपके) ही वाइड लेन्सची रोजची परीक्षा आहे. संध्याकाळचा सूर्य आधी फ्रेमच्या कोपऱ्यात, मग किंचित बाहेर ठेवून फोटो काढा. कॉन्ट्रास्ट किती पडतो, हिरवे-जांभळे ठिपके कुठे येतात, हाताने सावली धरल्यावर किती फरक पडतो, ते पाहा. सेन्सरवर सूर्य फार वेळ रोखून ठेवू नका. आरएफ १६ च्या ॲपर्चरला सात पाती आहेत. पाती विषम असली की किरणं दुप्पट येतात, म्हणून मिटलेल्या ॲपर्चरवर दिव्याभोवती चौदा किरणांची चांदणी दिसते. गणपतीच्या मांडवातल्या माळा काढणाऱ्याला हे आवडेल किंवा अजिबात आवडणार नाही, आधी बघून ठरवा.

काळ्या फांद्यांमागचं पांढरं आकाश काढा आणि फ्रेमच्या कडेला जांभळी-हिरवी किनार शोधा. कडेची ही किनार सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर जाते. पूर्ण उघड्या ॲपर्चरला फोकसच्या पुढे-मागे येणारी रंगीत छटा मात्र सहज जात नाही.

तारे काढायचे असतील तर अंधाऱ्या जागी जाऊन एफ/२.८ वर कोपऱ्यातले तारे तपासा. पंख फुटल्यासारखे दिसले तर तो कोमा नावाचा लेन्सचा दोष. जुन्या ५०० च्या नियमाने (५०० भागिले फोकल लेंथ, तेवढे सेकंद) १६ मिमीवर ३१ सेकंद निघतात, पण आजच्या सेन्सरवर तेवढ्यात ताऱ्यांच्या रेघा होतात. १५-२० सेकंदांतच चाचणी घ्या, नाहीतर पृथ्वीच्या फिरण्याचा दोष लेन्सवर येईल. छोट्या लेन्सपैकी बहुतेक इथे मार खातात. ताऱ्यांचं वेड गंभीर असेल तर वजन स्वीकारलेलं बरं. सोनीची एफई २० मिमी एफ/१.८ जी ३७३ ग्रॅमची आहे, आणि त्या जादा वजनातून मिळणारा उजेड आकाशाखाली खरोखर उपयोगी पडतो.

सहावी पायरी: फोकस

मंद दिव्याच्या खोलीत जवळून लांब, लांबून जवळ असा फोकस करून पाहा. चुकतो का, अडखळतो का, मोटरचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकमध्ये येतो का, हे ऐका. व्हिडिओ काढणाऱ्यांनी फोकस सरकताना फ्रेम लहान-मोठी होते का तेही पाहावं. मॅन्युअल फोकस रिंग फिरवून पाहा. या लेन्समध्ये ती मोटरला इशारा देणारी रिंग असते. आरएफ १६ मध्ये तीच रिंग एका बटणाने कॅमेऱ्याची सेटिंग बदलणारी कंट्रोल रिंगही होते, त्यामुळे बटण कुठल्या बाजूला आहे हे न बघता नवखे बराच वेळ फोकस का हलत नाही म्हणून शोधत बसतात.

खरेदी, बदली आणि जुनी लेन्स

शक्य असेल तर आधी दोन दिवस भाड्याने घ्या. मुंबई-पुण्यात लेन्स भाड्याने मिळतात. तेवढ्यात तुमच्या हाताला, तुमच्या विषयांना ती रुचते का हे कळतं, जरी विकत घेतलेली कॉपी पुन्हा तपासावीच लागली तरी. घेताना बिल आणि भारतातली वॉरंटी आहे का ते विचारा. ग्रे मार्केटची (कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेली) लेन्स स्वस्त पडते, पण बिघडली तर कंपनीचं इथलं केंद्र वॉरंटीत घेईलच असं नाही. ऑनलाइन घेत असाल तर परतीची मुदत किती दिवस आणि पैसे परत मिळतात की फक्त बदली, हे पैसे भरण्याआधी वाचा. चौथ्या पायरीची चाचणी त्या मुदतीत, शक्यतो पहिल्याच सुट्टीच्या सकाळी करा. डबा, आतली वेष्टणं, स्टिकर तोवर फेकू नका.

बदली मागताना दुकानदाराला नुसतं "शार्प नाही" म्हणू नका. दोन फोटो आणि त्यांतले चार कोपरे कापून शेजारी लावलेलं एक चित्र दाखवा. मूळ रॉ फाइल सोबत ठेवा. असं दाखवलं की बोलणं मुद्द्यावर राहतं.

जुनी लेन्स घेत असाल तर याच चाचण्या, शिवाय टॉर्च. मागून टॉर्च मारून पुढून तिरकं बघा. धूळ असणारच, तिने फोटोत फरक पडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आणि कोकणपट्टीतल्या दमट हवेत ती सहज धरते. अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. माउंटवरचे विजेचे संपर्क घासलेले आहेत का, स्क्रूंवर पेचकसाचे ओरखडे आहेत का ते पाहा. ओरखडे म्हणजे कोणीतरी ती उघडली आहे, आणि उघडलेल्या वाइड लेन्सची दोन फोटोंची चाचणी विकणाऱ्यासमोरच, लॅपटॉपवर मोठं करून घ्यावी.